बाबांच्या गाडीची दुसरी चावी

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. पण आज सकाळचं सांगते.

बाबा गेल्यापासून त्यांची पहिली मोटारसायकल आमच्या वरसे गावातल्या घरी पडवीत उभी आहे. ती विकत मागायला माणसं येतात, म्हणून अनोळखी कोणी आलं की मला संशयच येतो. आज पेणहून एक काका आले. त्यांनी खिशातून चावी काढून थेट गाडीला लावली. ती लागलीही!

"ही तुमच्याकडे कशी?" मी विचारलं.

"अर्धी गाडी माझी होती, पोरी. एकाच कंपनीत होतो आम्ही. एक आठवडा तुझा बाबा चालवायचा, एक आठवडा मी."

बाबांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. आता हा माणूस हिस्सा मागणार, असं वाटलं. मी गाडीच्या आडवी उभी राहिले.

"तुझ्या आईला बघायला गेलो, तेव्हा त्याने गाडी त्याची एकट्याची हाय म्हणून सांगितलं. मग मला गप्पच बसायला लागलं."

आई दारातूनच म्हणाली, "आठवडाआड गाडी गॅरेजला गेलीय म्हणून सांगायचे नि ती धुऊन परत यायची. गॅरेजवाला कधी गाडी धुऊन देतो काय गो? मला तेव्हाच कळलं व्हतं."

काका ओशाळले. "मला काय नको, वैनी. पेणला राहायला गेलो तेव्हा गाडी त्यालाच दिली, चावी तेवढी राहून गेली. ती द्यायला आलो."

बाबा गेल्यानंतर आई आज पहिल्यांदा हसली. चावी मी काकांनाच परत दिली.

तुमच्या घरातली पहिली गाडी नक्की कोणाची होती, कधी विचारलंय?