बाबांच्या नंबरवर गेलेला ओटीपी

बिड्या वळून वळून आईच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. दवाखान्याच्या काउंटरवरच्या मशीनवर अंगठा दाबला, पदराला पुसून पुन्हा दाबला, तरी लाल दिवाच. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बुबुळंही जुळेनात. चेहरा दाखवावा तर मशीनला आधार कार्डावरची ती धडधाकट बाई हवी होती, स्ट्रेचरवरची ही सुकलेली नको होती. माझी आई सगळ्यांच्या समोर होती आणि ती तीच आहे हे मशीनला पटत नव्हतं. मला रडू येत होतं आणि संतापही.

तिच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. फुकट ऑपरेशनच्या योजनेत बसायचं तर ओळख पटायला हवी, तीही आजच. काउंटरवरच्या मुलीनं शेवटचा उपाय सांगितला, मोबाईलवरचा ओटीपी. तिच्या स्क्रीनवर नंबराचे शेवटचे चार आकडे तेवढे दिसत होते, बाकी फुल्या. खाजगी माहिती झाकलेली असते म्हणे. ते चार आकडे मी लगेच ओळखले. नंबर बाबांचा होता.

आमच्या शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, बायकांच्या कार्डाला नवऱ्याचाच नंबर लावायची रीत. तेव्हा घरात फोन एकच, तोही बाबांच्या खिशात, त्यांच्याबरोबर यंत्रमागावर. ते गेले, रिचार्ज थांबला आणि कंपनीनं नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला.

मी तो नंबर लावला. नातेपुते गावच्या एका गृहस्थांनी उचलला. मी सगळं सांगितलं, अक्षरशः गयावया केली. माणूस भला होता, पण पक्का. मागे कुणीतरी अशीच आजारी आई पुढे करून त्याला लुबाडलं होतं, आणि दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो.

"ताई, ओटीपी कुणाला सांगू नये म्हणत्यात की. तुमी खऱ्या, हे मी कशावरनं धरू?"

आईला ऊठसूट हेच पढवणारी मी. फोन तसाच कानाला धरून आईच्या स्ट्रेचरशेजारी आले. तेवढ्यात आईला उबळ आली. तंबाखूच्या धुळीनं जडलेला तिचा जुना कोरडा खोकला, शेवटाला शीळ वाजणारा.

पलीकडून त्या गृहस्थांनी लगेच विचारलं,

"कोण खोकलं?"

मी म्हटलं, आई.

"या बाई रोज दिवेलागणीला मला फोन करत्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलत न्हाईत. मी हॅलो म्हणतो, त्या खोकतात आन् ठिवतात. कोण म्हणून मी कधी इचारलं न्हाय."

मग त्यांनी आकडे सांगितले. मुलीनं ते टाकले आणि ओळख पटली.

मला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईचा हात धरून मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी कार्डाला तुझा नंबर लावू.

तिनं डोळे उघडले नाहीत. तेलुगूत एवढंच म्हणाली, "असू दे तोच. तिकडं हॅलो म्हणायला कुणीतरी आहे."