माफीपात्र कर्ज

ऋणमुक्तीसारखं दुसरं सुख माणसाला नाही. बँकेत पस्तीस वर्षं मी हे कर्जदारांना सांगत आलो. बहुतेकांनी त्या सुखाशिवाय दिवस काढले, आणि मजेत काढले.

निवृत्तीनंतर आम्ही जयपुरातच राहिलो, प्रताप नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या घरात. मुलगी नर्सिंग शिकली ती शैक्षणिक कर्जावर, जामीनदार मी. तिचं शिक्षण संपायच्या सुमारास राज्यात कायदा झाला: तीन वर्षं खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काम करा, त्यानंतर उरलेलं कर्ज सरकार माफ करेल. तोवर हप्ता नाही. मी प्रस्तावना दोनदा वाचली. तिच्यात राष्ट्र चार वेळा उभारलं होतं आणि नर्स एकदाच आली होती, तीही 'इत्यादी'च्या शेजारी.

मुलीने मात्र कायदा खरा मानला. "तुमच्या एफडीला हात लावायचा नाही, बाबा," असं बजावून ती गेली. सांगानेरहून दोन बस बदलून गाव. पाणी खारट, वीज लहरी, आणि बाळंतपणं नेमकी दिवाळीत.

इकडे मला चैन पडेना. ज्या खात्यात हप्ता येत नाही त्याला आम्ही बँकवाले थकीत म्हणतो, मग कायदा काहीही म्हणो. शिवाय सरकारी माफी मी जवळून पाहिली होती. ती आधी जाहीर होते, मग तिच्यावर समिती बसते, आणि समिती बसली की उठत नाही. दीड वर्ष मी दम धरला. मग एफडी मोडली आणि सगळं कर्ज एकरकमी फेडून टाकलं. खात्याला मोबाइल नंबर माझाच असल्यामुळे मेसेजही मलाच आला. माफीचा अर्ज फेटाळला गेला की मुलीला सांगायचं, असं ठरवलं होतं. त्या प्रसंगी मी किती शांतपणे बोलेन, याची तयारीही झाली होती.

अर्ज मंजूर झाला. वेळेवर.

मंजुरीचं पत्र घेऊन मुलगी मला बँकेत घेऊन गेली. मॅनेजर तिच्याच वयाचा होता. त्याने स्क्रीन पाहिली, पत्र पाहिलं, मग मला पाहिलं.

"अंकलजी, खाता तो बंद है. माफ क्या करें?"

मी कलम काढून दाखवायला गेलो. कलमात 'उरलेलं कर्ज' असंच होतं. भरलेले पैसे परत देण्याबद्दल कायद्यात एक ओळही नव्हती, आणि ते मला कोणी शोधून सांगायची गरज नव्हती.

आम्ही घरी आलो. चपला काढता काढता मुलगी म्हणाली, "बाबा, मतलब, मी तिथे गेले कशाला होते?"

मी व्याजाचा हिशेब सांगू लागलो. बायकोने मला थांबवलं. "पस्तीस वर्षं कर्जदारांवर विश्वास ठेवला नाहीत, ते समजू शकते," ती म्हणाली. "पोरीवर तरी ठेवायचा." मी म्हणालो, अविश्वास सरकारवर होता. ती म्हणाली, सरकारने पाळलंन की.

मुलगी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या दिवशी सरकारच्या कर्जमाफी समारंभाचं निमंत्रण आलं. यादीत तिचं नाव होतं आणि यादी बदलायचा अधिकार कोणालाच नव्हता. जायचं नाही म्हणत होती. मग खारट पाण्याची आठवण काढून म्हणाली, हार तरी घालून घेते.

सभागृहात झेंडूच्या माळा होत्या. तीन भाषणं झाली. राष्ट्र पुन्हा उभारलं गेलं. मुलीच्या गळ्यात हार पडला, हातात चौकटीतलं प्रमाणपत्र आलं. माफ रक्कम: शून्य रुपये. ती हसली, आणि त्याच वेळी फोटो निघाला.

खाली उतरल्यावर एका बाबूने माफी मिळाल्याच्या पावतीवर तिची सही घेतली. रक्कम पाच हजारांच्या आत असल्याने रेव्हेन्यू स्टॅम्प लागला नाही.