आंदर मावळच्या लाईनवरचे एरर

एका चांगल्या कारागिराला मी कामचुकार ठरवलं होतं. तेही स्क्रीनवरचा एक आकडा वाचून.

आज सकाळी सखारामभाऊ गेले.

तुमच्यापैकी फार जण त्यांना ओळखत नसतील. पण लोणावळ्यापासून पार आंदर मावळापर्यंत आमच्या शेठचं इंटरनेट ज्यांच्या घरी होतं, त्यांच्या दारातली वायर बहुतेक भाऊंनीच ओढलेली. एसटी नसली की खांद्यावर केबलचं भेंडोळं टाकून चालत निघायचे.

माझी ती पहिली नोकरी. शेठच्या लोणावळ्याच्या ऑफिसात बसून नेटवर्कवर लक्ष ठेवायचं. अंगात मस्ती भरपूर, अक्कल बेताची.

एक दिवस आंदर मावळातल्या एका होमस्टेची तक्रार आली, नेट अडकतंय म्हणून. मी तिथल्या स्विचचे, म्हणजे लाईन जिथे येऊन मिळते त्या डब्याचे, काउंटर उघडले; बिघडलेली पॅकेटं त्यात मोजली जातात.

एरर, हजारोंनी.

मग कार्ल्याच्या स्विचचे बघितले. एरर शून्य.

झालं! शेठसमोर आणि ऑफिसातल्या चार जणांसमोर मी सांगून टाकलं की भाऊंचे फायबरचे जोड कच्चे आहेत. कार्ल्याचं काम दुसऱ्याने केलंय, ते बघा किती चोख.

शेठने भाऊंना लाईनवरून काढून गोदामात बसवलं.

भाऊ भांडले नाहीत. फक्त माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, माजा हात तसला न्हाई."

"भाऊ, आकडे खोटं बोलत नाहीत."

हे वाक्य मी त्यानंतर आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही.

आठवड्याने ते परत आले. दोन्हीकडचे डबे एकाच कंपनीचे का, असं विचारलं. मी म्हटलं नाही, वेगळ्या कंपन्यांचे. तर त्यांनी गावातली गोष्ट सांगायला घेतली. दोन घरं, दोघांकडे भात मोजायची सारखीच पायली. एका घरात भात शीग लावून भरायचे, वर टोक येईपर्यंत. दुसऱ्या घरात हात फिरवून सपाट. दोघंही म्हणणार, एक पायली. दर सुगीला भांडण ठरलेलं.

"तुमचे डबे कसं मोजत्यात, कुनी इचारलंय का? हितला तितं लावून बगा."

खरं सांगते, मला राग आला. वायर ओढणारा माणूस मला नेटवर्क शिकवणार? पण म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे. भाऊ स्वतः गेले आणि डब्यांची अदलाबदल करून आले.

आंदर मावळात एरर शून्य. आणि कार्ल्याच्या त्या चोख जोडांवर हजारो.

तेव्हा कुठे मी मॅन्युअल उघडलं. डेटाचं पॅकेट नेहमीपेक्षा चार बाइट लांब आलं की एक कंपनी ते धडधाकट पुढे पाठवायची, आणि तरीही एररमध्ये मोजायची. दुसरी मोजायचीच नाही. स्क्रीनवर शब्द मात्र दोघींचा एकच.

आणि नेट अडकत होतं ते कशाने? त्या होमस्टेवाल्याने राउटर फ्रीजच्या मागे ठेवला होता. घ्या.

भाऊ लाईनवर परत गेले. मी त्यांना गोदामाच्या दारात एकटं गाठून सॉरी म्हटलं. "कळलं ना आता, बास," एवढंच म्हणाले.

आज मी पुण्यात नेटवर्क कार्डांचं सॉफ्टवेअर लिहिते. कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, काउंटरचं नाव एक असेल तर अर्थही एकच हवा, हे ठरवण्याचं काम आमच्याकडे चालू असतं. लांब पॅकेट कशात धरायचं, टाकून दिलेलं कशात, खरंच बिघडलेलं कशात. एकेका ओळीवर आठवडाभर वाद. कुणीतरी वैतागून म्हणतंच, एका आकड्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला?

मग मी पायलीची गोष्ट सांगते.

गेल्या दिवाळीत भाऊंना भेटायला गेले होते. भाऊ थकले होते खूप. म्हटलं, भाऊ, तुमचं ऐकलं बरं का, आता सगळ्यांचं माप एक करतोय. त्यांना बरं वाटलं. चहा झाला. मग कपाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं,

"त्या चार जनांना कुनी सांगितलं का, की सखारामचे जोड बरे हुते?"



नव्हतं सांगितलं. शेठने 'फॉल्ट निघाला' म्हणून विषय मिटवला, आणि मी मिटू दिला. आरोप चारचौघांत केला, माफी एकांतात मागितली. इतकी वर्षं भाऊंच्या मनात ते सलत होतं आणि मला पत्ता नव्हता.

"सांगते भाऊ," मी म्हणाले. आणि कामाच्या रगाड्यात राहिलं ते राहिलंच.

त्या चौघांपैकी तिघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. चौथा कुणाच्या ओळखीचा असेल तर त्याला इथे टॅग करा.

सखारामभाऊंचा एकही जोड कच्चा नव्हता. चूक माझी होती.

भाऊ, सांगितलं हो. फार उशिरा सांगितलं.

तुमच्या हाताला माझा नमस्कार.