अविवाहित आणि अवलंबून

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही. पण एका साध्या प्रतिज्ञापत्राचं प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही.

मी तेव्हा नागपुरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एका विमा कंपनीचा तक्रार अर्ज आला. खापरखेड्याच्या वसाहतीत राहणाऱ्या एका तंत्रज्ञाने कुटुंबाच्या आरोग्य विम्यात लग्न झालेल्या मुलीचं नाव घातलं होतं. त्या विम्यात लग्न झालेली मुलगी बसत नव्हती. म्हणून त्याने ‘मुलगी अविवाहित असून माझ्यावर अवलंबून आहे’ असं प्रतिज्ञापत्र करून दिलं, आणि त्या जोरावर शहरातल्या एका खासगी रुग्णालयात तिच्यावर कॅन्सरचे उपचार चालू होते. कंपनीला ही खबर फोनवरून मिळाली होती. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं, पण त्याचा नंबर अर्जात होता.

गुन्हा दाखल करून मी वसाहतीत गेलो. एरवी शेजारी पोलिसांना विचारल्यापेक्षा जास्तच सांगतात. इथे सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं. तिच्या लग्नात पंगतीला वाढलेला माणूससुद्धा म्हणाला, "मले काही माहीत नाही साहेब." तो वाढायला होता, हे मला नंतर कळलं.

बापाला चौकशीला बोलावलं. खुर्ची दिली तरी उभाच. "तिचं लग्न झालंच नाही साहेब," एवढंच तीनदा म्हणाला. ज्याला खोटं बोलायची सवय नसते तो एकच वाक्य धरून बसतो. अशा माणसावर आवाज चढवून काही हाती लागत नाही.

धागा सापडला रुग्णालयात. ऑपरेशनआधी नर्स रुग्णाच्या अंगावरचे दागिने उतरवतात, रजिस्टरमध्ये लिहितात आणि नातेवाइकाची सही घेतात. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: चांदीची जोडवी, एक जोड. खाली बापाची सही. लग्न न झालेल्या पोरीच्या पायात जोडवी कुठून येणार?

त्या पानाची प्रत समोर ठेवली तसा तो मटकन खाली बसला. "मंगळसूत्र मीच काढाले लावलं साहेब. जोडवी तिच्या मायनं काढू नाही देल्ली. म्हणे, जावयाच्या जिवाले काही होईल." मग रडत म्हणाला, "गाठ निघाली तसं त्यानं तिले आमच्या दारात आणून सोडलं. पुन्हा फिरकला नाही. मी काय कराले पाहिजे होतं, तुम्हीच सांगा."

तोवर मी फोनचा नंबर तपासला होता. जावयाचाच निघाला. त्याला सोडचिठ्ठी हवी होती आणि सासरा तयार नव्हता. खबर देणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं. म्हणून बापाला ते सांगितलं नाही. मला त्या जावयाची किळस आली होती.

मुलीचा जबाब घ्यायला वॉर्डात गेलो. डोक्यावर केस नव्हते, आवाज खोल गेलेला. बाप उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होता. त्याला बाहेर पाठवल्यावर ती म्हणाली, "बाबांले काहून त्रास देऊन राहिले साहेब? लिहा म्हणून मीच मांगं लागली होती." मी निघालो तशी पुन्हा हाक मारली. "मंगळसूत्र काढलं हे आमच्या यांले सांगू नका. ते रागावतील."

कंपनीने उपचारांची हमी काढून घेतली. तिला सरकारी रुग्णालयात हलवलं. खाट मिळाली, डॉक्टरही चांगले होते, पण या धावपळीत उपचारांचा महत्त्वाचा काळ गेला. दोषारोपपत्र तयार होण्याआधीच ती वारली.

मी नियमाबाहेर काही केलं नाही, हे मला वरिष्ठांनी सांगितलं, बायकोने सांगितलं, मीही स्वतःला सांगत आलो. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, की कागद बरोबर असला म्हणून तो खरा असतोच असं नाही. त्या बापाच्या प्रतिज्ञापत्रात ‘अविवाहित’ हा शब्द खोटा होता, आणि ‘अवलंबून’ हा पूर्ण खरा. मी मात्र दोषारोपपत्रात लिहिलं, ‘सदर मुलगी आरोपीवर अवलंबून नव्हती.’ तो पाणी पाजत होता ते पाहिलं होतं, तरी लिहिलं, आणि खाली सही केली.