कानबाईपुढचा नारळ फोडला तेव्हा

आमचे हे पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला, आणि मंगळवार-शुक्रवार वस्तीतल्या कानबाईच्या देवळात भगत. वस्ती सगळी खानदेशातून पोटापाण्याला आलेल्यांची. तिथली एक रीत होती. मनातलं जड काही सांगायचं तर आधी भगताच्या हाती नारळ द्यायचा. नारळ न फोडता देवीपुढे राहायचा, आणि भगताने तोंड उघडायचं नाही. बायकोपुढेसुद्धा नाही. मी पुष्कळ खोदून बघायची, पण छे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका शुक्रवारी हे देवळातून आले ते जेवले नाहीत. शनिवारीही तेच. कळण्याची भाकरी सोडणारा माणूस नव्हे हा. रविवारी सकाळी मी भांडी घासत होते, तर हे देवीपुढचा नारळ घेऊन आले आणि मोरीच्या दगडावर फोडला. माझा हातच थांबला.

"आता ऐक," म्हणाले. "मागच्या चाळीतला तो माणूस स्वतःच्या पोरीला पट्ट्याने मारतो. स्वतःच सांगून गेला. देवीने माफ करावं म्हणे. पुन्हा मारणार नाहीस ना, विचारलं, तर नुसता रडला."

पोर आठ वर्षांची, आई बाळंतपणाला धुळ्याकडे गेलेली. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालायची, आणि मी म्हणायची, किती नीटनेटकी पोर. काय माझी अक्कल!

पापड लाटायला म्हणून तिला घरी आणलं. बाही वर केली आणि मला बघवेना. हे चौकीवर गेले. असं कळवलंच पाहिजे असा काही कायदा असतो का, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. जमादार गुजरातीत म्हणाला, घरनो मामलो छे, म्हणजे घरातली बाब, आम्ही काय करणार. पण लिहून घेईपर्यंत हे बाकावरून उठले नाहीत.

संध्याकाळी बाप दारात. "भगत, देवीपुढचं बोललास तू."

"बोललो. त्याचं पाप माझ्या माथी. पोर मिळणार नाही."

आमचा निरोप मिळून तीन दिवसांनी आई आली आणि पोरीला मामाकडे घेऊन गेली.

पुढे कित्येक मंगळवार देवळात नारळच आला नाही. भगताच्या तोंडात काही राहत नाही, असं झालं. मग एक बाई आली. यांनी नारळ घ्यायच्या आधीच सांगितलं, लेकराच्या जिवाचं असेल तर मी पोटात ठेवणार नाही, बघ बाई. तरी दिला तिने नारळ. तेव्हापासून तीच रीत पडली.

ती पोर आता इथे जवळच डिंडोलीत नांदते, दोन लेकरं आहेत. आली की म्हणते, मावशी, त्या दिवशीची चटणी कर. देवीचा नारळ टाकवेना म्हणून मी तेव्हा लसूण घालून वाटला होता. दोन दिवसांचे उपाशी हे आणि ती, एका ताटात जेवले होते.