चेटकिणीची हजेरी

माझे भावोजी चष्म्याचं दुकान चालवतात आणि कुणाशी भांडताना आवाज चढवत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मोठा तमाशा झाला असणार. तमाशा वगैरे काही झाला नाही. भर दुपारी, चारचौघांत, एका माणसाचं नाक कापलं गेलं आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते पाहिलं. मला फार बरं वाटलं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ताईला एका खेळाचं वेड होतं. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र चालवायचं आणि कुठे अडलं की फासे टाकायचे. ताईचं पात्र होतं लंगडी चेटकीण. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती मध्येच चेटकिणीच्या आवाजात बोलायची आणि भावोजी दचकायचे. "चल, तुझ्या भातुकलीची वेळ झाली," असं म्हणत ते तिला दर शनिवारी क्लबात सोडायचे आणि खेळ संपेपर्यंत बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. आत म्हणून कधी गेले नाहीत.

हा खेळ गावोगावच्या क्लबांत एकाच नियमानं चालतो. आपलं पात्र घेऊन कुठल्याही टेबलावर बसता येतं. म्हणून प्रत्येक पात्राची एक फाइल असते. पात्राची ताकद, शस्त्रं, कमाई, आणि खेळलेल्या प्रत्येक डावाची सूत्रधाराच्या सहीची चिठ्ठी तिच्यात हवी. नाहीतर काय, कुणीही घरबसल्या आपल्या पात्राच्या हातात सोन्याची तलवार देईल. या फायली बघायला क्लबात एक तपासनीस असतो. काम असं की केलं तरी शिव्या आणि नाही केलं तरी शिव्या. त्यामुळे ती जागा बहुतेक वेळा रिकामीच असायची.

आमच्या क्लबाचा मुख्य सूत्रधार घरं विकायचा धंदा करतो. ओल आलेली भिंत दाखवून "घरात गारवा छान राहतो" म्हणणाऱ्यांपैकी. दुसऱ्यांच्या टेबलावर तो पोलादी सरदार नावाचं पात्र चालवायचा, म्हणून सगळे त्याला सेनापती म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं. छाती काढूनच चालायचा.

ताई आजारी पडली. उपचारांपायी लागोपाठ दोन बैठका बुडाल्या. तिसरी बुडाली की पात्र बाद, असा नियम. म्हणून तिसऱ्या शनिवारी ती हट्टानं गेली. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात भावोजींचा स्वेटर. त्या दिवशी सूत्रधार सेनापती होता आणि टेबलावर ताईखेरीज दोघंच खेळाडू होते. तिनं पहिला फासा टाकला, चेटकिणीला नदीच्या काठापर्यंत नेलं, आणि तिला भोवळ आली. भावोजींना आत बोलवावं लागलं. क्लबाच्या त्या खोलीत त्यांचं पहिलं पाऊल पडलं ते बायकोला उचलून न्यायला.

आठवड्याभरात कळलं की चेटकीण बाद झाली. ताईनं सेनापतीला फोन केला. मी तिच्या उशाशीच बसले होते, पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"अगं, तू डाव पूर्ण कुठे केलास?" तो म्हणाला. "तुला सूट दिली तर उद्या सगळेच आजारी पडतील."

ताई त्यावर हसली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तिला नुसती नदी ओलांडून द्यायची होती गं." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

दिवसकार्य उरकलं आणि भावोजी क्लबात जाऊन सभासद झाले. लोकांचे डोळे पाणावले. बायकोच्या आठवणीत बिचारा मन रमवतोय, असं सगळे म्हणाले. कसलं मन रमवणं! त्यांनी डूख धरला होता, आणि ते मला एकटीला माहीत होतं. रोज दुकान बंद केलं की ते नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसत, परीक्षेला बसल्यासारखे. तपासनिसाची जागा त्यांनी मागून घेतली. भिंगाच्या दिव्याखाली चिठ्ठ्या तिरक्या धरून बघायची सवय दुकानातली, ती तिथेही गेली, आणि क्लबानं त्यांचं नाव भिंग ठेवलं.

एक दिवस त्यांनी मला दुकानात बोलावून पुस्तकातली एक ओळ दाखवली. ज्यानं पहिला फासा टाकला तो त्या बैठकीला हजर. मग डाव पूर्ण होवो न होवो.

माझं डोकंच फिरलं. "मग तक्रार करा ना! आत्ताच्या आत्ता करा."

"थांब," ते म्हणाले. "चूक झाली, माफ करा, असं म्हणून तो मोकळा होईल. मला त्याला मोकळं करायचं नाही."

सूत्रधारांच्या स्वतःच्या फायली एरवी कुणी उघडत नाही. पण त्या वर्षीच्या मोठ्या मेळाव्यात पोलादी सरदाराला गोष्टीतल्या साऱ्या मुलखाचा राजा करायचं ठरलं. म्हणजे त्याचं पात्र कायमचं गोष्टीत राहणार आणि यापुढे सगळ्या गावांतले खेळाडू त्याच्या राज्यात खेळणार. सेनापतीनं त्या पात्रात अर्धं आयुष्य घातलं होतं. बायकोचा वाढदिवस विसरायचा, सरदाराच्या लढाया नाही. पण एवढ्या मानाआधी फाइल पहिल्या पानापासून तपासावी लागते, आणि जुनी हजेरीपत्रकंही कपाटातून काढावी लागतात.

शनिवारी दुपारी तपासणी होती. मी नावं पुकारायला बसले होते. सेनापती आला तो पेढीवर आल्यासारखा हसत. फाइल टेबलावर ठेवून म्हणाला, "बघा भिंगसाहेब, एक डाग सापडायचा नाही."

भावोजी बघत गेले. रांग ताटकळली, कुणीतरी जांभई दिली. मग एका चिठ्ठीवर त्यांचा हात थांबला.

"हा डाव तुम्ही चालवलात आणि त्याचा मोबदला तुमच्या सरदाराला घेतलात."

"घेतला. चालवणाऱ्याला मिळतोच की."

"टेबलावर किमान तिघं असतील तर मिळतो. किती होते?"

"तीन."

"हजेरीत दोनच आहेत. तिसरं कोण?"

सेनापतीनं चिठ्ठीवरची स्वतःची सही पाहिली. मग हळूच म्हणाला, "तुमची मिसेस."

"ती गैरहजर आहे," भावोजी म्हणाले आणि पत्रक त्याच्यापुढे सरकवलं. "अक्षर तुमचंच ना?"

घेताना माझ्या बहिणीला मोजलं होतं, देताना नाही! ती नव्हती म्हणावं तर मोबदला खोटा, आणि त्या मोबदल्याच्या जोरावर सरदार पुढे जेवढा चढला तेवढा सगळा खाली. होती म्हणावं तर त्यानं एका आजारी बाईला खोटं लिहून बाहेर काढलं. इकडे आड, तिकडे विहीर. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मी तो मन भरून पाहून घेतला.

पण घरं विकणारा माणूस तो, लगेच सावरला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "होती. आली होती ती. चूक माझी, सगळ्यांसमोर मान्य करतो. हजर असं लिहा. तिची चेटकीणही परत येईल. मेळाव्यात मी स्वतः तिला गोष्टीत घेतो. अगदी नदी ओलांडून आणतो. सगळे उठून उभे राहतील तिच्यासाठी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला ताईची चेटकीण दिसायला लागली, काठी टेकत पाण्यातून निघालेली. "भावोजी," मी म्हटलं, "घ्या. लिहून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हजेरीत दुरुस्ती करायची तर त्या खेळाडूची सही लागते," ते सेनापतीला म्हणाले. "तिची सही आणा."

भावोजींनी लाल पेन उघडलं आणि त्या चिठ्ठीवर रेघ मारली. मग पान उलटलं, पुढच्या चिठ्ठीवर रेघ, तिच्या पुढच्या चिठ्ठीवर रेघ. घाई नाही, आवाज नाही. सेनापती आधी "अहो, ऐका तर" म्हणत होता, मग नुसता बघत राहिला. शेवटी त्यानं उरलेली फाइल काखेत मारली आणि तो रांगेच्या कडेनं निघून गेला. छाती काढून चालणारा तो माणूस मला पहिल्यांदाच बुटका वाटला. त्याचा तो चेहरा आठवला की आजही माझं पोट भरतं. खोटं कशाला बोलू?

पण चेटकीणही गेली. ताईच्या नावापुढे गैरहजर तसंच राहिलं, आणि आता त्याखाली तपासनिसाची सही आहे.

मी दोन दिवस धुमसत राहिले आणि मग दुकानात गेले. भावोजी एका चष्म्याची काडी बसवत होते.

"ती परत आली असती," मी म्हटलं. "तिला तेवढंच हवं होतं."

"त्याच्या हातून आलेली मला नको होती."

"तुम्हाला नको होती. ताईला कुणाच्याही हातून चालली असती. तिनं हो म्हटलं असतं, भावोजी."

त्यांनी स्क्रू घट्ट केला, काच पुसली, चष्मा उजेडात धरून पाहिला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "ती असती तर तिनं मला हे करूच दिलं नसतं."