डांबराच्या गोळ्यांचा वास

तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून शिवणकारखान्यात तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. चाळीस वर्षं तिने लोकांचे गणवेश शिवले. कापडाला कसर लागणं तिच्या लेखी पाप. घरातल्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या मूठमूठ टाकलेल्या. जावई चेष्टा करायचा, "सासूबाई, तुमच्याकडे माणसालाही कसर लागायची नाही!"

लेकीला दिवस गेले तशी बाईने सात झबली शिवून ट्रंकेत ठेवली. नातू झाला. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात ते काही उगाच नाही. धुण्याचाही धीर तिला निघाला नाही, तिसऱ्या दिवशी झबलं तसंच त्याच्या अंगात चढवलं. पाचव्या दिवशी पोर पिवळंधमक पडलं, दूध ओढेना, लघवी कोऱ्या चहासारखी झाली.

हॉस्पिटलात त्याला रक्त चढवलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. दोन दिवस घरादाराचा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी बाळाने डोळे उघडले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी झबलं नाकाशी नेऊन विचारलं, "यात डांबराच्या गोळ्या होत्या?"

"कसर लागू नये म्हणून..." बाई पुटपुटली.

"श्वास घेतो त्यातूनच शरीरात फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होत असतात. त्यांचा एक इलेक्ट्रॉन एकटा असतो, म्हणून ते शेजाऱ्याचा ओरबाडतात आणि पेशी बिघडवतात. त्यांना आवरायची सोय पेशीतच असते. तुमच्या बाळाच्या तांबड्या पेशींत त्यातलं एक रसायन जन्मतःच कमी आहे. एरवी निभावतं, पण डांबरगोळीचा अंश अंगात गेला की पेशी भराभर फुटतात. हे आईकडून मुलग्यात उतरतं. आधी घरात असं कुठलं बाळ दगावलंय?"

"माझा मोठा भाऊ," लेक म्हणाली. "आठव्या दिवशी, काविळीने. मी तर त्याला बघितलंही नाही."

बोलता बोलता तिने आईकडे पाहिलं. त्या बाळाचं झबलंही आईनेच शिवलं होतं. ट्रंकही हीच. बत्तीस वर्षं बाई देवाला बोल लावत आली होती, आणि आता बोल लावायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"आई, तुला कुठे माहीत होतं गं?" लेक रडत म्हणाली.

बाळ बरं झालं. ते घरी यायच्या आधी बाईने सगळ्या गोळ्या नेऊन टाकल्या. ट्रंकेच्या तळाशी कागदात पहिल्या लेकराचं झबलं होतं. एवढी वर्षं मन भरून आलं की ती ते उघडून नाकाला लावायची. माझ्या सोन्याचा वास अजून गेला नाही, म्हणायची.

ते तिने दोनदा साबणाने धुतलं. उन्हात वाळल्यावर नाकाशी धरलं. कसलाच वास नव्हता.